पत्ते वाटणारा एकच हवा

प्रश्न : मी ६८ वर्षांचा, बँकेतून रिटायर झालेला माणूस, चिपळूणजवळ गावात राहतो. घर चिऱ्याचं, वर एक मजला चढवलेला. २०१४ साली वरचं बांधकाम काढलं तेव्हा मुलाने हट्टाने भिंतीतून नेटची केबल टाकून घेतली, वर दोन पॉइंट आणि खाली डेस्कटॉपला एक. तारेवर नेट मस्त चालतं. पण फायबरवाल्याने बसवलेल्या डब्याचं वायफाय समोरच्या खोलीपुरतंच, वर नातवंडं आली की बोंब. मुलाने त्याचा जुना राउटर पाठवला, मी तो वरच्या पॉइंटला लावला (मागच्या चार पिवळ्या भोकांपैकी एकात). वायफायच्या कांड्या फुल, पण नेट कधी येतं कधी नाही. आणि गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशी खालचा डेस्कटॉपपण बंद पडला! त्यावर आयपी म्हणून १९२.१६८.०.१०१ असं काहीतरी दिसत होतं. राउटर काढला, डेस्कटॉप बंद करून चालू केला, सगळं पूर्ववत. बाजारातला दुकानदार म्हणतो रिपीटर (वायफाय पकडून पुढे पाठवणारा डबा) घ्या. घेऊ का? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : काका, रिपीटर घेऊ नका. आणि तो आकडा लिहून ठेवलात ते फार बरं केलंत, कारण सगळी चोरी त्या आकड्यातच पकडली जाते.

होतं काय, घरातल्या प्रत्येक फोनला, कॉम्प्युटरला, प्रिंटरला नेटवर्कमध्ये शिरताना एक पत्ता (म्हणजेच आयपी) लागतो, आणि तो वाटायचं काम राउटर करतो, त्याला डीएचसीपी म्हणतात. तुमचा फायबरचा डबा बहुतेक १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते वाटतोय. मुलाच्या राउटरला मात्र कोणी सांगितलंच नाही की बाबा आता तू इथे पाहुणा आहेस, त्यामुळे तोही इमानदारीत स्वतःचे १९२.१६८.० वाले पत्ते वाटत बसला. एका डावात दोघांनी पत्ते वाटायला घेतले तर जे होईल तेच झालं. ज्या फोनला डब्याने आधी उत्तर दिलं त्याचं नेट चालू, ज्याला जुन्या राउटरने दिलं तो अडकला, कारण त्या राउटरकडे बाहेर जायचा रस्ताच नाही. डेस्कटॉप सकाळी चालू केलात तेव्हा त्याच्या नशिबी चुकीचा वाटणारा आला, एवढंच.

म्हणजे तुम्ही भोक बरोबर निवडलंत, फक्त राउटरचं तोंड बंद करायचं राहिलं.

आता करा असं. तो राउटर अजिबात भिंतीला जोडू नका, नुसता टेबलावर ठेवा आणि वीज द्या. मागचं बारीक रिसेटचं भोक टाचणीने दहाएक सेकंद दाबून धरा, दिवे लुकलुकतील. मग लॅपटॉप तारेने त्याच्या पिवळ्या पोर्टला जोडा आणि ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाका, खालच्या स्टिकरवर असतो, तुमच्या केसमध्ये बहुधा १९२.१६८.०.१ (आकडे अर्थात इंग्रजीतले). आत गेल्यावर आधी मेनूत 'ॲक्सेस पॉइंट मोड' (पत्ते न वाटता नुसतं वायफाय देणं) असं काही आहे का बघा. असलं तर तोच निवडा, पुढचं बरंचसं तो स्वतःच करतो. नसलं तर हाताने करायचं, आणि क्रम महत्त्वाचा आहे. पहिलं वायफायचं नाव-पासवर्ड, सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ ठेवा. जुनी डब्ल्यूईपी चुकूनही नको, ती केव्हाच फुटलेली आहे. दुसरं, राउटरचा स्वतःचा लॅन पत्ता (घरातल्या नेटवर्कमधला) बदलून १९२.१६८.१.२ करा. सेव्ह केलं की पान गायब होईल, घाबरू नका, तो नव्या पत्त्यावर राहायला गेलाय, तिथे जाऊन परत लॉगिन करा. तिसरं आणि शेवटचं, डीएचसीपी बंद. हे आधी केलंत तर लॅपटॉपला पत्ता द्यायला कोणी उरत नाही आणि मग आतच शिरता येत नाही, मी स्वतः हे करून एक अख्खी दुपार घालवलेली आहे.

फक्त एक बघून घ्या, फायबरच्या डब्याच्या सेटिंगमध्ये तो कितीपासून कितीपर्यंत पत्ते वाटतो ते लिहिलेलं असतं. त्यात १९२.१६८.१.२ येत असेल तर जुन्या राउटरला त्या पट्ट्याबाहेरचा आकडा द्या. आणि डब्याचेच पत्ते वेगळ्या आकड्याने सुरू होत असतील तर अर्थात तेच धरून चाला.

झालं, आता तो वर न्या आणि भिंतीतली केबल पुन्हा पिवळ्या पोर्टलाच लावा. वेगळ्या रंगाचं जे एकटं भोक असतं, वॅन लिहिलेलं (बाहेरून येणाऱ्या नेटसाठीचं), त्यावर सरळ चिकटपट्टी मारून टाका, म्हणजे पुढच्या मे महिन्यात कोणी हुशार भाचा तिथे वायर खुपसणार नाही. हाताने सेटिंग केलेल्या राउटरला तिथे लावली तर वरचे फोन वेगळ्या घरात गेल्यासारखे होतात, खालचा प्रिंटर त्यांना सापडत नाही, आणि डीएचसीपी बंद असल्याने त्यांना पत्ता द्यायलाही कोणी उरत नाही, म्हणजे नेटही नाही.

वर-खाली वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवा, फोन जिना चढताना आपणच बदलतो. कधीकधी आधीच्याच वायफायला चिकटून बसतो खरा, तेव्हा वायफाय एकदा बंद-चालू करायचं. चॅनल (वायफायची हवेतली वाट) मात्र वेगळे द्या, २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांच्या पायात येत नाहीत, तर खाली १, वर ११.

रिपीटर का नको म्हटलं? तो हवेतूनच ऐकतो आणि हवेतूनच पुढे बोलतो, साधा असेल तर एकाच रेडिओवर दोन्ही कामं, त्यामुळे स्पीड अर्ध्यावर येतो. त्यात तुमच्या जाड चिऱ्याच्या भिंती आणि मध्ये सळयांचा स्लॅब, म्हणजे त्याला ऐकूच नीट येणार नाही. लोक भिंती फोडून केबल टाकतात हो, तुमची २०१४ सालीच टाकून झालीये! तांब्याची ती तार १०० मीटरपर्यंत काही कुरकुर न करता चालते.

आणि हो, वीज गेली की खालचा डबा इन्व्हर्टरवर आणि वरचा राउटर नाही असं करू नका. दुसरा ॲडॅप्टर लावणार असाल तर व्होल्ट बघून, ९ वाल्याला १२ चा लावला तर राउटर जळू शकतो.

प्रश्न : दादा, मी नाशिकला पीजीमध्ये राहते. रूममध्ये फक्त लॅनचा पॉइंट आहे, वायफाय नाही. राउटर घेऊन लावला तर चालेल का? — एक विद्यार्थिनी

उत्तर : चालेल, पण वर काकांना जे सांगितलं त्याच्या बरोब्बर उलटं करायचं! भिंतीतली वायर वॅन लिहिलेल्या भोकातच लाव आणि डीएचसीपी चालूच राहू दे. पिवळ्या पोर्टला लावलीस तर तुझा राउटर अख्ख्या मजल्याला पत्ते वाटायला लागेल, सगळ्यांचं नेट जाईल आणि शोधत शोधत लोक तुझ्याच दारात येतील. आधी पीजीवाल्या काकूंना विचार, काही ठिकाणी राउटर लावायला बंदी असते. तशी असेल तर लावू नकोस. नेट एकाच लॅपटॉपच्या मॅक ॲड्रेसला (यंत्राच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाला) बांधलेलं असेल तर नवा राउटर जोडल्यावर काहीच चालणार नाही, तेव्हा काकूंची हरकत नसली तर नेटवाल्याला राउटरचा ॲड्रेस नोंदवायला सांग. आणि दोन-तीन दिवसांचाच प्रश्न असेल तर पैसेच घालू नकोस, लॅपटॉपला वायर लाव आणि विंडोजमधला मोबाइल हॉटस्पॉट चालू कर. फक्त लॅपटॉप झोपला की फोनचं नेटपण झोपतं.