'स्पुटनिक' या शब्दाचा मूळ अर्थ काय आणि इंग्रजीत तो कसा बदलला?

'स्पुटनिक' म्हणजे उपग्रह, हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. पण हा शब्द उपग्रहापेक्षा बराच जुना आहे आणि त्याचा मूळ अर्थ आहे वाटेतला सोबती.

रशियन शिकत असताना शब्दकोशात मला या शब्दाचं स्त्रीलिंगी रूप भेटलं : 'स्पूत्नित्सा झीझ्नी'. म्हणजे आयुष्याची सोबतीण, सहचारिणी. त्या दिवसापासून हा शब्द मला फार जवळचा वाटतो. फोड अशी : 'स' म्हणजे सोबत, 'पूत्य' म्हणजे वाट आणि 'निक' हा माणूस दाखवणारा प्रत्यय. यातला 'पूत्य' आपल्या 'पथ' आणि 'पंथ' यांचा नातलग आहे, मूळ धातू एकच. मराठीत याला सगळ्यात जवळचा शब्द मला 'सांगाती' वाटतो. ग्रहासोबत फिरणाऱ्या चंद्रालाही रशियनमध्ये स्पूत्निकच म्हणतात. त्यामुळे ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने जो गोळा सोडला, त्याच्यासाठी नवा शब्द घडवावा लागला नाही.

गोळा होता ५८ सेंटिमीटर व्यासाचा, वजन ८३.६ किलो. साधारण ९६ मिनिटांत पृथ्वीला एक फेरी घालायचा आणि त्याची बीप-बीप रेडिओवर ऐकू यायची. अमेरिकेत या आवाजाने धडकी भरली. इंग्रजीने शब्द घेतला तो या धास्तीसकट; त्यातली सोबत मात्र रशियनमध्येच राहून गेली.

पुढची गंमत या शब्दाच्या शेपटीची, म्हणजे 'निक' या प्रत्ययाची आहे. नोव्हेंबरमध्ये लायका कुत्री अवकाशात गेली, तिला अमेरिकी वृत्तपत्रांनी 'मटनिक' केलं ('मट' म्हणजे संकरित कुत्रा). ६ डिसेंबरला अमेरिकेचं व्हॅनगार्ड रॉकेट उडता उडताच कोसळून पेटलं, तर ते झालं 'फ्लॉपनिक'. एप्रिल १९५८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे स्तंभलेखक हर्ब केन यांनी रूढी झुगारणाऱ्या 'बीट' पिढीच्या तरुणांना 'बीटनिक' म्हटलं आणि तो शब्द टिकला. युरोपातल्या ज्यूंच्या यिडिश भाषेतून 'निक' इंग्रजीत आधीच शिरला होता, पण त्याला घरोघरी पोहोचवलं स्पुटनिकने.

आता इंग्रजीत 'स्पुटनिक मोमेंट' म्हणतात ते प्रतिस्पर्धी पुढे गेल्याचं पाहून खडबडून जागं होण्याच्या क्षणाला. अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी जानेवारी २०११ च्या अमेरिकी संसदेपुढच्या भाषणात तो याच अर्थाने वापरला. एका प्रेमळ शब्दाचा असा इशारा व्हावा, याचं मला खरंच वाईट वाटतं.

उच्चाराबद्दल एक सांगते. आपल्याकडचा 'ट' इंग्रजीतून आला. रशियनमध्ये तिथे आपल्यासारखा दंत्य 'त' आहे आणि 'पू' लांब, ठासून म्हणतात. त्यामुळे २०२१ मध्ये याच नावाच्या रशियन कोविड लशीच्या बातम्यांत काही ठिकाणी 'स्पुतनिक' छापलेलं दिसलं, ते मुळाच्या जास्त जवळचं होतं.