पेशंट गेला, तरी मला काहीच का वाटत नाही?

"मॅडम, पेशंट गेला की फॉर्म भरते, बॉडी पॅक करून घेते आणि पुढच्या बेडकडे वळते. आत काही हलतच नाही. मी दगड झालेय का? नोकरी सोडू का?"

कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर मुंबईतल्या रुग्णालयांत काम करणाऱ्या अनेकांनी मला हेच विचारलं. सिस्टर, वॉर्डातल्या मावशी, निवासी डॉक्टर, सगळ्यांनीच. हा प्रश्न कल्याणहून येणाऱ्या एका स्टाफ नर्सचा आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मार्च 2020 मध्ये लोकल थांबल्या, तेव्हा त्या बसने तासन्‌तास प्रवास करून ड्युटीवर यायच्या. पीपीई किट चढवला की शिफ्ट संपेपर्यंत ना पाणी, ना बाथरूम. सासूबाईंना मधुमेह, म्हणून घरी जेवायचं ताट वेगळं आणि झोपायची खोलीही वेगळी. पहिल्या लाटेत त्या प्रत्येक मृत्यूनंतर रडल्या. 2021 च्या एप्रिलमध्ये रडणं थांबलं. एकदा फोनवर "बाबा जेवले का?" असं विचारणाऱ्या पेशंटच्या मुलीवर त्या खेकसल्या. ती लाज त्यांच्या मनातून जात नव्हती.

मी त्यांना एखादा पेशंट आठवतो का, असं विचारलं. एका आजोबांबद्दल त्या बराच वेळ बोलल्या. आजोबा गेल्यावर त्यांची कवळी हरवू नये म्हणून ती नाव लिहून जपून ठेवली आणि त्यांच्या मुलाच्या हातात दिली, हे सांगताना त्यांचा आवाज कापत होता. भावना मेल्या नव्हत्या. रोजचं काम उरकावं म्हणून मनाने त्या दाबून ठेवल्या होत्या.

कामाच्या ताणाने येणाऱ्या अशा अवस्थेला बर्नआउट म्हणतात. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी त्याची तीन अंगं सांगितली आहेत: पार गळून जाणं, माणसांपासून तुटणं आणि आपल्या कामाचा काही उपयोग नाही असं वाटणं. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 मध्ये बर्नआउटला आजार न म्हणता कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम म्हटलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. सलग नाइट लावायच्या, सुट्ट्या रद्द करायच्या आणि वर कर्मचाऱ्याला प्राणायाम करायला सांगायचं, हे मला मान्य नाही.

म्हणून नोकरीचा निर्णय आम्ही पुढे ढकलला आणि आधी झोपेकडे वळलो. त्यांनी इनचार्ज सिस्टरांशी बोलून नाइटनंतरचा ऑफ पक्का करून घेतला आणि काही काळ आयसीयूतून बदली मागितली. वॉर्डात मृत्यू झाला की हँडओव्हरनंतर दोघीतिघी चहाला बसून त्या पेशंटबद्दल बोलू लागल्या. खूप दिवसांनी त्यांना रडू आलं, तेव्हा घरचे घाबरले. मला मात्र बरं वाटलं.

पण झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, झोपेच्या गोळ्या किंवा दारूचा आधार लागत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवाच. जगणं नको वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नका. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन 14416 दिवसरात्र मोफत चालते, आणि तिथे मराठीतूनही बोलता येतं.