रिपोर्टमधला एक शब्द

माय-लेकी धनकवडीहून माझ्याकडे सल्ल्यासाठी आल्या तेव्हा फाइल आईच्या मांडीवर होती आणि मुलगी खिडकीबाहेर बघत होती. (ओळखीचे तपशील बदलले आहेत.) पोरगी चोवीस वर्षांची, लग्न ठरलेलं. पोटात दुखायचं म्हणून सोनोग्राफी केली, तर उजव्या अंडाशयात गाठ. दुर्बिणीतून काढली. ‘डर्मॉइड आहे, साधी गाठ,’ असं डॉक्टर म्हणाले. मग बायोप्सीचा रिपोर्ट आला. आईने तो शेजारच्या, फार्मसी शिकणाऱ्या मुलाकडून वाचून घेतला. केस, चरबीसारखा लगदा, एक दात. आणि शेवटी, प्रोस्टेट ग्रंथीची ऊती.

“ताई, प्रोस्टेट तर पुरुषांना असते ना? आमची मुलगी… मुलगीच आहे ना?”

खरं सांगते, मीही चपापले. केस-दातांवरचे प्रश्न माझ्या सवयीचे आहेत : पोटात राहिलेलं जुळं होतं का, नाहीतर कुजबुजत, गर्भ तर नव्हता? प्रोस्टेटचं कधी ऐकलं नव्हतं. डॉक्टर नसताना डॉक्टरकी करू नये, म्हणून त्यांच्यासमोरच ओळखीच्या पॅथॉलॉजिस्ट बाईंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

बाई म्हणाल्या, ही गाठ अंडाशयातल्या बीजपेशीपासून होते. शरीरातलं काहीही घडवायची ताकद त्या पेशीत असते. पुरुषबीजाचा संबंध न येताच ती वाढू लागली की त्वचा, हाड, कूर्चा, मेंदूची ऊती, जे जमेल ते अर्धंमुर्धं उगवतं. त्यामुळे गर्भ नाही आणि जुळंही नाही. थायरॉइडची ऊती कधी इतकी वाढते की गाठ चक्क थायरॉइडचे हार्मोन बनवते. प्रोस्टेट क्वचितच सापडते, पण वैद्यकीय नोंदी आहेत. त्याला वाय गुणसूत्र लागत नाही. पुरुषांत प्रोस्टेट ज्या भागातून होते तो मुलीच्या गर्भातही असतो. त्यातूनच बायकांच्या मूत्रमार्गालगत छोट्या स्कीन ग्रंथी तयार होतात.

“कॅन्सर?” आईने विचारलं. रिपोर्टमध्ये ‘परिपक्व’ लिहिलंय, म्हणजे साधी, कॅन्सरची नसलेली गाठ, बाई म्हणाल्या. अशा गाठींत 100 पैकी एक-दोनच बिघडतात, आणि हिच्यात तसं काही दिसलेलं नाही. पण साधारण दहातल्या एकीला दुसऱ्या अंडाशयातही गाठ होते, तेव्हा डॉक्टर सांगतील तेव्हा सोनोग्राफी चुकवू नका.

फोन ठेवला. आईचा जीव भांड्यात पडला. मुलगी मात्र तेव्हा पहिल्यांदा बोलली.

“आठ दिवस आई माझ्याकडे चोरून बघतेय. शेजारच्या पोराला ठाऊक, मावशीला ठाऊक. फक्त मला माहीत नव्हतं.”

त्या तासातला उरलेला सगळा वेळ यावरच गेला, आणि तो तसाच जायला हवा होता. आई आधी चिडली, मग रडली. सासरच्यांना काय सांगायचं हे विचारायला तिने माझ्याकडे पाहिलं. मी मुलीकडे पाहिलं.

“गाठ होती, काढली, एवढं मी त्याला सांगितलंय. बाकीचंही मीच सांगेन,” ती म्हणाली, आणि आईच्या मांडीवरची फाइल उचलून तिने स्वतःच्या सॅकमध्ये टाकली.