दीड वर्ष झालं, पेपर नाही. पीएचडी सोडायला सांगू का?

प्रश्न : मुलगी एम.एस्सी. केमिस्ट्री झाली, जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली. विद्यापीठात मटेरियल केमिस्ट्रीच्या ग्रुपमध्ये पीएचडी करते. सुपरकपॅसिटरचं काम आहे म्हणते. दीड वर्षात एकही पेपर छापून आला नाही. बरोबरच्या मुली नोकरीला लागल्या. दिवाळीत आली तर मोबाइलवर कसल्याशा काळ्या पावडरीचे फोटो दाखवत बसली. सोडून बी.एड. कर म्हणू का? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, नमस्कार. एवढ्यात काही म्हणू नका. त्या काळ्या पावडरीबद्दल आधी सांगते, कारण दीड वर्षाचा हिशोब तिच्यातच आहे.

काळी पावडर म्हणजे बहुधा कोबाल्ट ऑक्साइड. सुपरकपॅसिटर म्हणजे वीज साठवून झटकन देणारं साधन, त्यात हा पदार्थ वापरतात. कोबाल्ट नायट्रेट आणि युरियाच्या द्रावणात निकेल फोमचा तुकडा, म्हणजे स्पंजासारखी जाळीदार धातूची पट्टी, बुडवायची आणि ते सगळं ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे घट्ट बंद होणाऱ्या स्टीलच्या डब्यात, घालून तो रात्रभर ओव्हनमध्ये ठेवायचा. सकाळी उघडला की पट्टीवर गुलाबी थर. तो भट्टीत तापवला की काळा होतो. मग एक्सआरडीला, म्हणजे कोणता पदार्थ बनला ते ओळखणाऱ्या एक्स-रे तपासणीला, द्यायचं, तर आलेखात निकेलचीच शिखरं एवढी उंच, की आपलं ऑक्साइड दिसतच नाही! पावडर खरवडून पुन्हा द्यायची, पुन्हा नंबर लावायचा. एवढं करून नमुना शुद्ध निघाला, की गाइड म्हणतात, 'आता हाच परत बनव.' आणि परत तो तसा बनत नाही.

तोच नमुना तिसऱ्यांदा तसाच बनला, तो या कामातला पहिला टप्पा. त्याचं सर्टिफिकेट मिळत नाही, नातेवाइकांना सांगताही येत नाही. मला स्वतःला त्याला चौदा महिने लागले, पहिला पेपर तिसऱ्या वर्षी आला. त्या काळात घरून फोन आला की मी 'ठीक चाललंय' एवढंच म्हणायचे. तुमची लेक फोटो दाखवते, हे किती चांगलं आहे!

आता कागदोपत्री टप्पे. कोर्सवर्क झालं असेल. दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढे प्रेझेंटेशन असतं. मागच्या वेळी समितीने काय शेरा दिला, ते तिला विचारा. दोन वर्षं झाली की काम तपासून जेआरएफची एसआरएफ, म्हणजे सीनियर फेलोशिप होते, महिना ३७ हजारांची फेलोशिप ४२ हजार होते. यूजीसीच्या २०२२च्या नियमांत पीएचडीला किमान तीन, कमाल सहा वर्षं आहेत, मुलींना आणखी दोन वर्षं मिळू शकतात. पेपरची देशपातळीवरची सक्ती त्याच नियमांनी काढली. तिच्या विद्यापीठाचा नियम मात्र पाहून घ्या.

काळजी करायचीच तर वेगळ्या गोष्टींची करा. गाइड महिना-महिना भेटत नाहीत का? लॅबमधले सीनियर सहाव्या वर्षीही अडकलेत का? तसं असेल तर मला जरूर कळवा, मग गाइड बदलण्याचाही विचार करू. नुसता पेपर नाही म्हणून जेआरएफ सोडायला माझा स्पष्ट विरोध आहे. बी.एड. पुढेही करता येतं, हातातली फेलोशिप सोडली की पुन्हा मिळवणं अवघड.

पुढच्या वेळी ती घरी आली की 'कधी संपणार' विचारू नका. फोटो परत दाखव म्हणा, गुलाबी पावडर काळी कशी झाली ते विचारा. ती सांगत सुटली तर ऐकत बसा. गप्प झाली, तर तिलाच मला फोन करायला सांगा.