बन्सेन बर्नरला हे नाव कसं पडलं?

बन्सेन बर्नर म्हणजे प्रयोगशाळेत पदार्थ तापवायला वापरतात तो गॅसचा बर्नर. त्यातलं 'बन्सेन' हे आडनाव आहे. रॉबर्ट विल्हेल्म बन्सेन हे जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. १८५५ च्या सुमारास तिथे नवी प्रयोगशाळा उभी राहत होती आणि शहरात गॅसही आला होता. पण तेव्हाच्या बर्नरची ज्योत पिवळी, काजळी धरणारी. गॅस पेटण्याआधीच त्यात हवा मिसळायची, ही कल्पना बन्सेन यांनी मांडली. प्रत्यक्ष बर्नर घडवला तो विद्यापीठाचे यंत्रकार पीटर डेसागा यांनी. त्यांचं नाव मागे पडलं याची मला खरंच हळहळ वाटते. इंग्लिश शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांनीही त्याआधी अशाच तत्त्वाचा बर्नर वापरला होता. बन्सेन यांनी मात्र पेटंट घेतलं नाही.

शाळेच्या प्रयोगशाळेत नळीच्या बुडाशी असलेली कडी फिरवून पाहा. हवेचं भोक बंद असेल तर ज्योत पिवळी, लवलवती. उघडलं की निळसर आणि जवळजवळ रंगहीन. या ज्योतीला स्वतःचा रंग फारसा नसल्याने तिच्यात धरलेल्या क्षाराचा रंग स्वच्छ दिसतो. याच जोरावर बन्सेन आणि भौतिकशास्त्रज्ञ किरखॉफ यांनी १८६० मध्ये सीझियम आणि पुढच्याच वर्षी रुबिडियम ही मूलद्रव्यं शोधून काढली.