जुन्या पीसीवर ‘एज ऑफ एम्पायर्स २’ टाकला की गवत जांभळं दिसतं आणि मशीन मध्येच बंद पडतं. फॉरमॅट मारावा का?

नको. निदान आज तरी नको.

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं. २००९ साली घेतलेला ड्युअल कोअर पीसी, २ जीबी रॅम, ३२ बिटचं विंडोज ७. माळा आवरताना गेमची मूळ सीडी सापडली आणि मुलाला दाखवावी म्हणून हौसेने टाकलीत. आता गवत जांभळं, पाणी लाल. सीडी आत असताना गेम म्हणतो सीडी टाका. आणि अर्ध्या तासात मशीन खट्कन बंद. दुकानदार म्हणाला, विंडोज बिघडलंय, फॉरमॅट मारून देतो.

ही तीन दुखणी आहेत, तिघांची कारणं वेगळी, आणि फॉरमॅटने यातलं एकही बरं होणार नाही. फॉरमॅट करून सगळं परत टाकाल, तरी गवत जांभळंच उगवेल. मी हे छातीठोक सांगतो कारण मी स्वतः हेच पाप केलंय. मी सोलापूरचा, पूर्व भागातला. घरामागच्या शेडमध्ये आमचे सहा माग, टॉवेलचे. कॉलेजात असताना संध्याकाळी नवी पेठेतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात बसायचो. गिऱ्हाईक आलं की आमचं एकच औषध, फॉरमॅट. असाच माझ्या सख्ख्या काकांचा पीसी ‘मध्येच बंद पडतो’ म्हणून साफ पुसला. डेस्कटॉपवर त्यांचा सुताचा वर्षभराचा हिशोब होता, तो गेला. पीसी दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद पडला. पंखा जाम झाला होता, एवढंच. काका अजून लग्नाकार्यात चार माणसांत तो किस्सा सांगतात.

मशीन जुनं आहे म्हणून गेम झेपत नसेल, ही शंका आधी काढून टाका. हा गेम १९९९ चा. तेव्हा त्याची मागणी होती १६६ मेगाहर्ट्‌झचा पेंटियम आणि ३२ एमबी रॅम. तुमच्याकडे त्याच्या ६४ पट रॅम आहे. ताकदीचा प्रश्नच नाही.

सुरुवात बंद पडण्यापासून करा. ते मिटेपर्यंत बाकी काही तपासण्यात अर्थ नाही, कारण कुठलाही प्रयोग अर्धवट राहील. निळी स्क्रीन नाही, काही मेसेज नाही, थेट अंधार, म्हणजे बहुतेक वेळा उष्णता किंवा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा). तुम्ही म्हणता वर्ड आणि ब्राउझरवर दिवसभर काही होत नाही, गेमलाच होतं. त्यात नवल नाही. बरेच जुने गेम प्रोसेसरला क्षणभर स्वस्थ बसू देत नाहीत. काम नसलं तरी एक कोअर सतत पिळत राहतात, अगदी मेनू उघडा ठेवला तरी. कूलर नीट असेल तर काही बिघडत नाही. तो धुळीने बुजला असेल तर प्रोसेसर तापत जातो आणि शेवटी स्वतःला वाचवायला बंद होतो.

एक साधी परीक्षा. बंद पडल्यावर लगेच चालू करा. दोन-पाच मिनिटांत परत पडला तर उष्णता समजा, कारण तो गरम अवस्थेतूनच सुरू झालाय. लगेच चालू केल्यावरही पुन्हा निवांत अर्धा तास चालत असेल तर एसएमपीएसकडे बघा, आणि बोर्डवरच्या कपॅसिटरांकडे. उभ्या डब्यांची डोकी सपाट हवीत. पुरीसारखी फुगलेली दिसली तर बोर्ड मेकॅनिककडे न्यायचा, घरी हात लावायचा नाही. उष्णतेची खात्री करायची असेल तर चालू करताना बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पानांत) जा. तिथे ‘हार्डवेअर मॉनिटर’ किंवा ‘पीसी हेल्थ’ नावाचं पान असतं, त्यावर प्रोसेसरचं तापमान दिसतं. तिथे नुसतं बसून राहिलात आणि आकडा चढतच चाललाय, तर दुसरा पुरावा नको.

आता सफाई. वायर काढा, पाचेक मिनिटं थांबा, कॅबिनेटचं कव्हर उघडा. प्रोसेसरवरच्या पंख्याच्या खाली ॲल्युमिनियमच्या पात्या असतात, खरी घाण त्या दोघांच्या मध्ये बसते. वरून फुंकून ती जात नाही, पंखा सोडवावाच लागतो. आमच्याकडे तर मागाच्या सुताची तेलकट धूळ असते, तिचा पार जाड थर होतो, घोंगडीच्या तुकड्यासारखा सोलून निघतो. तुमच्याकडे एवढं नसेल, पण पंधरा वर्षांत कोणाच्याही घरी पुरेसं साठतं. जुना दाढीचा ब्रश सगळ्यात उत्तम. ब्लोअर वापरत असाल तर पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. मी एकदा शहाणपणा करून कारखान्यातल्या कंप्रेसरचा पाइप थेट पंख्यावर धरला. पंखा विमानासारखा भिरभिरला आणि एक पातं तुटून भिंतीवर आपटलं. नवा पंखा घ्यावा लागला, वर वडिलांची बोलणी खाल्ली ती वेगळी.

तुमच्या काळातल्या इंटेलच्या कूलरला चार कोपऱ्यांत चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. बऱ्याचदा त्यातली एक कधीतरी सुटलेली असते आणि कूलर एका बाजूने अधांतरी राहतो. हाताने हलवून बघा. बसवताना समोरासमोरच्या तिरप्या जोडीने दाबायच्या, टक् आवाज आला पाहिजे. कूलर काढलाच तर प्रोसेसर आणि कूलरच्या मधली, उष्णता कूलरकडे पोचवणारी जुनी वाळलेली थर्मल पेस्ट कापडाने पुसून मसुराच्या दाण्याएवढी नवी लावा. जास्त लावल्याने जास्त थंड होत नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो, तेव्हा ही एक छोटी ट्यूब पीसीची दोन वर्षं वाढवते असा माझा अनुभव आहे. कव्हर उघडलंच आहे तर रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबरने हलके घासा. आणि घड्याळ रोज मागे जात असेल तर बोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदला.

आता सीडी. इथे एक गोष्ट नीट आठवून सांगा. गेम *नेहमीच* सीडी मागतो, की कधी मागतो आणि कधी सुरू होतो? कधी-कधी असेल तर चरे किंवा ड्राइव्हची मळकी लेन्स. सीडी मऊ कापडाने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा, गोल-गोल पुसू नका. दुसऱ्या कोणाचा ड्राइव्ह लावून बघता आला तर उत्तमच.

नेहमीच मागत असेल तर गोष्ट वेगळी आणि मजेशीर आहे. या सीडीवर सेफडिस्क नावाचं कुलूप आहे. नकली सीडी चालू नये म्हणून त्या काळात अनेक गेमवर ते असायचं. ते उघडायला विंडोजमधला एक छोटा ड्रायव्हर लागतो. त्या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेची भोकं निघाली म्हणून मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१५ च्या एका अपडेटने व्हिस्टा, ७ आणि ८ मध्ये तो बंद करून टाकला. विंडोज १० मध्ये तर तो दिलाच नाही. त्यामुळे पैसे मोजून घेतलेली मूळ सीडीही अडून बसते. तुमचं विंडोज ७ असल्याने मार्ग आहे. स्टार्टमध्ये सीएमडी शोधा, राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करा. काळ्या खिडकीत इंग्रजीत दोन ओळी टाइप करायच्या. पहिली: एससी, कॉन्फिग, मग ड्रायव्हरचं नाव एस-ई-सी-डी-आर-व्ही (सहा अक्षरं सलग), मग स्टार्ट, त्याला चिकटून बरोबरचं चिन्ह, त्यानंतर *एक जागा सोडून* डिमांड. ती जागा विसरलात तर कमांड चालत नाही, लोक इथेच अडकतात. दुसरी: एससी, स्टार्ट, आणि परत तेच नाव. डिमांड लिहिल्यामुळे पुढच्या वेळी ड्रायव्हर आपोआप उठत नाही. खेळायच्या दिवशी फक्त दुसरी ओळ द्यायची. तो चालू असताना नेटची वायर काढून ठेवा. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला संपले (नेमके सोलापूरच्या संक्रांतीतल्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत), त्यामुळे खरं तर त्या मशीनवर नेट नसलेलंच बरं.

कोणी पेनड्राइव्हवर ‘सीडी न लागणारा’ गेम देतो म्हणेल. ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ ही त्याची पहिली अट असेल, तिथेच नमस्कार करा.

राहिलं जांभळं गवत. हे मला सगळ्यात आवडतं, कारण त्याचं कारण आमच्या मागावर समजावून सांगता येतं. चादरीवर मोर विणायचा असतो तेव्हा नक्शात ‘निळा’ असं काही नसतं. अमुक ठिकाणी तीन नंबरचा धोटा (आडवं सूत इकडून तिकडे नेतो तो), तमुक ठिकाणी पाच नंबरचा, एवढंच. तीन नंबरच्या धोट्यात कोणी निळ्याऐवजी जांभळी कांडी (सुताची गुंडाळी) घातली तर माग बिचारा इमानाने जांभळा मोर विणतो. नक्शात चूक नाही, मागातही नाही. तुमचा गेमही तसाच, त्याच्याकडे २५६ रंगांचे धोटे आहेत आणि चित्रात फक्त नंबर. विंडोज व्हिस्टापासून पुढे डेस्कटॉप सांभाळणारा एक्सप्लोरर हा प्रोग्राम गेम चालू असताना मध्येच हात घालतो आणि यातल्या काही कांड्या बदलतो. म्हणून ग्राफिक्स ड्रायव्हर बदलून, गेम परत टाकून काही होत नाही.

सोपा उपाय हास्यास्पद आहे पण चालतो. डेस्कटॉपवर राइट क्लिक, ‘स्क्रीन रेझोल्यूशन’ उघडा, ती खिडकी तशीच उघडी ठेवा आणि गेम सुरू करा. बहुतेकांचं एवढ्यावर भागतं. नाही भागलं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर आणा, प्रोसेसमध्ये एक्सप्लोरर निवडून ‘एंड प्रोसेस’ करा. टास्कबार आणि सगळे आयकॉन गायब होतील, घाबरू नका. टास्क मॅनेजरच्याच फाइल मेनूतून ‘न्यू टास्क’ घेऊन गेमची फाइल चालवा. खेळून झालं की तसंच एक्सप्लोरर परत सुरू करा. माझ्या वडिलांनी आयकॉन गायब झालेले एकदा पाहिले आणि थेट मेन स्विच पाडला होता, तेव्हा घरच्यांना आधी कल्पना द्या.

इन्स्टॉल करताना सी ड्राइव्हच्या प्रोग्राम फाइल्समध्ये टाकू नका, डी मध्ये साधं फोल्डर करा. हा गेम सेव्ह केलेले डाव स्वतःच्याच फोल्डरात लिहितो. प्रोग्राम फाइल्समध्ये तसं लिहायला विंडोज देत नाही, गुपचूप दुसरीकडे वळवतं आणि मग ‘डाव गेला कुठे’ म्हणून शोधाशोध होते.

नवी आवृत्ती विकत घेऊन टाका, असंही कोणी सुचवेल. २०१९ ची डेफिनिटिव्ह एडिशन सुरेख आहे, पण तिला ६४ बिटचं विंडोज १० आणि ४ जीबी रॅम लागते. आणि स्टीमने (गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाने) १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ चा आधारच काढून घेतलाय. तुमच्या मशीनला मूळ सीडीच बरी.

मुलगा लॅपटॉपवरून आणि तुम्ही पीसीवरून एकत्र खेळणार असाल तर गेमच्या मल्टिप्लेअरमध्ये टीसीपी/आयपी निवडा. त्याच यादीतला, जुन्या लोकांचा जोडणीचा प्रकार आयपीएक्स व्हिस्टापासून विंडोजमध्ये उरलेला नाही. लॅपटॉपवर विंडोज ८ असेल तर ‘विंडोज फीचर्स’मध्ये लेगसी कंपोनंट्सखाली डायरेक्टप्ले (जुन्या गेमना एकमेकांशी जोडणारा भाग) चालू करावं लागेल. पहिल्यांदा जोडताना गेम गोठल्यासारखा वाटला तर ऑल्ट-टॅब मारून बघा, फायरवॉलची परवानगीची खिडकी मागे दडून बसलेली असते.

आणि मुलाला पहिल्या डावातच सांगा, ५० सोनं देऊन टाउन सेंटरमध्ये (गेममधल्या गावाच्या मुख्य इमारतीत) लूम, म्हणजे माग, काढून घे म्हणावं. गावकऱ्याचा जीव २५ चा ४० होतो. आमचे आजोबा खुर्चीमागे उभे राहून बघायचे आणि विचारायचे, “पन्नासात माग मिळतो? कुठल्या गावात रे?” लूम न काढता एकटा गावकरी रानडुकरावर पाठवला तर बहुतेक वेळा डुक्करच जिंकतं.