ल, थेंब आणि तुटकी रेघ

सदाशिव पेठ, पुणे
रविवार, दुपार

अगं पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या नावाच्या 'ल'चा जुना लोगो बदलायचा म्हणून तू पाठवलेले सहाही नवे लोगो पाहिले. आधी मोबाइलवर पाहिले, मग डोळे दुखायला लागले म्हणून खाली जाऊन ए-फोरवर प्रिंट काढून आणले. सहाही देखणे आहेत. पण एकही बघून मला तू आठवली नाहीस.

जुन्या लोगोबद्दल तू लिहिलंयस, "सर, चार वर्षं झाली, आता तो बघवत नाही." नसेलच बघवत. तो तू रोज बघतेस, बिलावर, व्हॉट्सअॅपवर, प्रत्येक फायलीच्या कोपऱ्यात. तुझा प्रकाशक तो वर्षातून चारपाचदा बघतो, तेही दुसरंच काहीतरी शोधताना. आपल्याला वीट येतो तेव्हा समोरच्याची कुठे तोंडओळख होत असते. म्हणून चार वर्षं झाली हे कारण मी धरतच नाही. आणि बरोबरच्या मुलीनं नवा केला, हे तर तू लिहिलंही नाहीस, पण तिचा लोगो मीही पाहिलाय.

माझंच बघ. १९९८ साली माझ्याकडे पहिला कॉम्प्युटर आला. तोवर माझी खूण म्हणजे बोरूची तिरकी कापलेली जीभ, काळ्या चौकोनात. कोरल ड्रॉ हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर हातात आल्यावर तो चौकोन मला गावंढळ वाटायला लागला. मग गोल केला, निळ्यातून जांभळ्यात जाणारा, वर चकाकी. दोन हजार पाकिटं छापून घेतली. तीन महिन्यांनी एका जुन्या छापखानेवाल्यांचा फोन आला, "अहो, तुमचं बिल आलंच नाही. कुणा भलत्याचं आलंय, ते बाजूला ठेवलंय." भलता म्हणजे मीच. उरलेली पाकिटं अजून माळ्यावर आहेत. घरात किराणाची यादी त्यांच्याच पाठीवर होते.

मोठ्यांचंही असं होतं. गॅप या कपड्यांच्या अमेरिकी कंपनीनं ऑक्टोबर २०१० मध्ये वीसेक वर्षांचा निळा चौकोन काढून नवा लोगो आणला आणि आठवड्याच्या आत जुना परत लावला. उलट स्टेट बँकेचं निळं वर्तुळ १९७१चं, अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेतल्या शेखर कामतांनी केलेलं. बँकेनं पुढे अक्षरांचं वळण बदललं, वर्तुळाला हात लावला नाही. काय ठेवायचं हे त्यांना ठाऊक होतं. तुला ते ठाऊक आहे का, एवढंच मला बघायचं होतं.

आता एक कर. शिवाजीनगरला 'लोकमंगल'वरून, म्हणजे महाराष्ट्र बँकेच्या मुख्य कार्यालयावरून, तू कितीदा गेली असशील. त्या बँकेच्या चिन्हातली दीपमाळ न बघता काढ. दिवे किती, पायथा कसा, जमणार नाही. मलाही जमली नाही. पण दुरून दिसली तर चुकशील का? माणसाच्या डोक्यात अख्खा लोगो कधीच राहत नाही, त्यातलं काहीतरी एक अडकून राहतं. तुझ्या लोगोतलं काय अडकलंय, हे सहा नवे करण्याआधी शोधायला हवं होतं.

तुला न विचारता मी ते शोधलं. रागावू नकोस. तुझ्या जुन्या लोगोचा प्रिंट पाच जणांना तीन-तीन सेकंद दाखवला, मग गप्पा मारल्या आणि दहा मिनिटांनी कागदपेन्सिल देऊन म्हटलं, आठवेल तसं काढा. त्यात आमच्या गल्लीतला चहावाला होता, इस्त्रीवाला होता आणि तुझं काम छापणारे एक प्रकाशकही होते. "आवडला का" असं कुणालाच विचारलं नाही. पुण्यात तो प्रश्न विचारला तर लोगोपासून सुरू झालेलं मत तुझ्या चपलांपर्यंत येऊन थांबेल.

पाचांपैकी चौघांनी काय काढलं माहितीये? उजवीकडे तुटलेली शिरोरेघ आणि त्या तुटक्या टोकाखाली लोंबणारा शाईचा थेंब. चहावाल्यानं तर अक्षर काढलंच नाही. आडवी रेघ, खाली थेंब, आणि म्हणाला, "नळ गळतोय तसं काहीतरी होतं." प्रकाशकांनी अक्षराच्या जागी नुसता गोळा काढला. ती अक्षरातून निघालेली नाजूक वेल कुणालाच आठवली नाही. आणि तुझ्या सहा नव्या लोगोंपैकी पाचांत तू थेंब काढून टाकलायस, वेल मात्र सगळ्यांत ठेवलीयस!

म्हणून माझं मत असं की नवा लोगो करू नकोस. आहे तो दुरुस्त कर. दुरुस्तीची कारणं मात्र खरी आहेत, आणि तुझ्या मेलमध्ये त्यातलं एकही नव्हतं.

पहिलं म्हणजे तो ल. चार वर्षांपूर्वी तू फाँटमधून उचललास आणि त्याच्यावर काम केलंस, बरोबर? तो दंडाचा ल आहे, उजवीकडे उभी काठी असलेला, हिंदी वळणाचा. आपण शाळेत गिरवला तो पाकळ्यांचा. राज्य शासनाच्या २००९च्या वर्णमालेच्या निर्णयातही मराठीसाठी पाकळीयुक्त ल धरलाय. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर ज्या क्रमांकांनी अक्षरं ओळखतो त्या पद्धतीत, दोन्ही 'ल'चा क्रमांक एकच, आकार फाँट ठरवतो. बऱ्याच फाँटांत मराठी ल आत असतो, पण सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडल्याशिवाय बाहेर येत नाही. दंडाचा ल चूक म्हणणार नाही मी. पण तू मराठी पुस्तकांची कव्हरं करतेस, अक्षरं काढून पोट भरतेस, आणि तुझ्या स्वतःच्या नावाचं अक्षर दुसऱ्याच्या वळणाचं! हे मला चार वर्षं खुपतंय. बोललो नाही, ही माझी चूक. आता फाँट उघडू नकोस. बोरूनं शंभर ल काढ, त्यातला एक निवड. लोकांना अक्षर आठवतच नाहीये, तेव्हा ते बदलून तुझी ओळख पुसली जायची भीती नाही.

दुसरं सोबतच्या कागदावर बघ. अप्पा बळवंत चौकातून तुझ्या लोगोचा रबरी शिक्का करून आणला, रुपयाच्या नाण्याएवढा. पाच ठसे उमटवलेत. पहिल्या ठशात वेल अर्धी गेलीये. तिसऱ्यापर्यंत वेल आणि अक्षराचं वळण मिळून एक काळा डाग झालाय, शिरोरेघ आणि अक्षर यांच्यातली फट शाईनं बुजलीये. थेंब तेवढा पाचही ठशांत शाबूत. पुस्तकाच्या मलपृष्ठावर बारकोडशेजारी तुला सहासात मिलिमीटर जागा मिळते, तिथेही हेच होतं. फक्त तिथला डाग तू भिंग लावून बघत नाहीस. तुझी वेल ०.१५ पॉइंट जाडीची आहे. पाव पॉइंटच्या खालची रेघ छपाईत भरवशाची नसते, हे तुला मी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं.

वेल तशीही जाऊ दे. ती लग्नपत्रिकांच्या दिवसांतली आहे. तेव्हा शोभायची. आता तू कव्हरं करतेस, दुकानांच्या पाट्या करतेस. काम बदललं म्हणून खूण बदलणं मला पटतं, पण तेवढीच बदल जेवढं काम बदललंय.

रंगाचं फार डोकं लावू नकोस. आधी काळ्यात उभा राहू दे.

करताना जुना आणि नवा शेजारी ठेवून पुन्हा पाच जणांना दाखव, या वेळी दुसऱ्या पाच जणांना. "हे दोघं एकाच घरातले वाटतात का," एवढंच विचार. छापखान्यांना आणि प्रकाशकांना नवी फाइल स्वतःहून पाठव, नाहीतर जुनी वेल पुढची पाच वर्षं कुठल्यातरी मलपृष्ठावर उगवत राहील. पत्रकं छापून घेतलेली असतील ती संपू दे, फेकू नकोस. आणि ट्रेडमार्क नोंदणीचं मनात असेल तर ही दुरुस्ती झाल्यावरच अर्ज कर. नोंदणी दहा वर्षांची असते, आणि नंतर चिन्हाची ओळख बदलेल असा फरक चालत नाही, नवा अर्ज करावा लागतो.

सहा लोगोंवर तीन आठवडे गेले म्हणून हळहळू नकोस. चौथ्यातली शिरोरेघ चांगली जाड आहे, ती इथे वापर.

गुरुवारी पाचनंतर मी घरी आहे. शंभरातले निदान वीस ल घेऊन ये, कॉम्प्युटरवर न चढवता, कागदावरच. शिक्का माझ्याकडेच आहे, तो घेऊन जा. आणि माझा चार नंबरचा बोरू दिवाळीपासून तुझ्याकडे आहे. ल त्यानंच काढ आणि येताना परत आण.

तुझा,
सर